खड्ड्यात गाडी गेली की चाकाजवळ 'खट्' वाजतं? लोअर आर्मचा झिजलेला बुश कसा ओळखतात आणि कसा काढतात?

मानोऱ्याहून दिग्रसकडे किंवा मंगरूळपीरकडे निघालेली एखादी आठ-दहा वर्षं जुनी कार डोळ्यांसमोर आणा. चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी बिनातक्रार चालते. पण गावाच्या फाट्यावर वळली, पहिला खड्डा आला, की पुढच्या चाकाजवळून 'खट्' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की पुन्हा 'खट्'. काचा बंद केल्या आणि गाण्याचा आवाज वाढवला की तो ऐकू येत नाही. बरेच जण पुढचे कित्येक महिने तसेच काढतात.

गाडी शेवटी गॅरेजवर जाते तेव्हा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "बुश गेलाय, तेवढा बदलून टाकू," किंवा "पूर्ण आर्मच बदलावा लागेल." दोन्हींच्या खर्चात चांगलाच फरक असतो, आणि गाडीखाली नेमकं काय झालंय हे मालकाला दिसत नाही. म्हणून हा बुश काय असतो, तो खराब झालाय हे कसं कळतं, आणि तो काढताना कोणती चूक केली तर नवा बुशही काही महिन्यांत जातो, हे समजून घेऊया.

बुश म्हणजे नेमकं काय?

कारचं पुढचं चाक थेट बॉडीला जोडलेलं नसतं. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी पत्र्याचा किंवा ओतीव धातूचा एक मजबूत हात असतो. यालाच कंट्रोल आर्म म्हणतात. गॅरेजमध्ये तो 'लोअर आर्म' या नावानेच ओळखला जातो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला असा एकच आर्म असतो. वरच्या बाजूला शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र बसवलेली असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावाने ही रचना जगभर ओळखली जाते.

आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आतल्या, म्हणजे सांगाड्याकडच्या बाजूला साधारण दोन बुश असतात, एक पुढे आणि एक मागे. चाक खड्ड्यात गेलं की आर्म याच दोन बुशवर वर-खाली होतो, जसं दार बिजागरीवर फिरतं तसं.

फरक एवढाच की बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं, आणि बुशमध्ये मध्ये रबर असतं. साधा बुश तीन थरांचा असतो. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो सांगाड्याला आवळला जातो. म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी पक्क्या असतात. आर्म हलतो तेव्हा कुठलाही भाग घासत किंवा फिरत नाही, फक्त मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. आवाज करत नाही म्हणून अशा बुशला 'सायलेंट ब्लॉक' असंही म्हणतात.

धक्के शोषण्यासाठी गाडीत रबर वापरण्याची कल्पना जुनी आहे. 1931 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने प्लायमाउथ गाडीचं इंजिन रबराच्या आधारांवर बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने त्याची जोरदार जाहिरात केली. आज साध्यातल्या साध्या कारमध्येही इंजिनपासून चाकापर्यंत ठिकठिकाणी रबराचे बुश असतात.

मानोऱ्यासारख्या भागात बुश लवकर का जातो?

रबराला उष्णता, ऊन-हवा, तेल आणि सततचे दणके सोसत नाहीत. वाशिम जिल्ह्यात या सगळ्यांचीच गाठ पडते.

मानोरा शहरात रेल्वे नाही. दवाखाना, कॉलेज, बाजार, पोहरादेवीचं दर्शन, सगळा प्रवास रस्त्यानेच होतो. हे रस्ते बऱ्याच ठिकाणी कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या काळ्या जमिनीवरून जातात. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालची जमीन अशी हलत राहिली की वरचा रस्ता खचतो, लाटांसारखा होतो आणि त्याला खड्डे पडतात. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. रबर वर्षानुवर्षं तापत राहिलं की कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. इंजिनचं तेल किंवा ग्रीस त्यावर गळत असेल तर ते फुगून मऊ पडतं.

गणित करून पाहिलं तर बुशवरचा ताण लक्षात येतो. छोट्या कारच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक पाचशेच्या वर फेरे घेतं आणि वाटेतला प्रत्येक उंचवटा बुशला पिळून जातो.

एसयूव्ही आणि जुन्या प्रवासी जीपही यातून सुटत नाहीत. जुन्या जीपमध्ये आर्मऐवजी पाटे असायचे, पण त्या पाट्यांच्या टोकांनाही बुशच असतात.

बुश गेलाय हे कसं ओळखायचं?

खालच्या खुणा एकत्र दिसू लागल्या तर संशय घ्यायला जागा आहे.

- खड्ड्यात, गतिरोधकावर किंवा ब्रेक दाबताना आणि सोडताना पुढून 'खट्' किंवा 'धप्' आवाज येणं.
- ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणं.
- सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावं लागणं.
- टायर आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेने झिजणं.
- अलाइनमेंट करून आणल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा बिघडणं.

यातला कुठलाही एक आवाज म्हणजे बुशच, असं मात्र नाही. लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंट किंवा सैल झालेलं ब्रेक कॅलिपरही असाच आवाज करतं. म्हणून आवाज ऐकून भाग बदलायचा नसतो, आधी डोळ्यांनी बघायचं असतं.

तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर घेऊन मेकॅनिक आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये पहार किंवा लांब टॉमी घालतो आणि हलकेच जोर लावतो. चांगला बुश थोडासा दबतो आणि परत जागेवर येतो. खराब बुशमध्ये आर्म ढळढळीत सरकतो, रबराची फट उघडते किंवा आतली नळी एका बाजूला गेलेली दिसते. काही गाड्यांच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथं ओलसर डाग दिसला तर बुश फुटला असं समजावं.

रबरावर वरवर दिसणाऱ्या केसासारख्या चिरा मात्र लगेच घाबरण्यासारख्या नसतात. रबर नळीपासून सुटलं आहे का, किंवा आरपार फाटलं आहे का, हे महत्त्वाचं.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

सुरुवातीला खर्च वाढतो. चाकाचा कोन बदलत राहतो आणि टायर मुदतीआधीच जातात. पण खरा प्रश्न ब्रेकचा आहे. जोरात ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि ते जागेवर धरून ठेवण्याचं काम हेच बुश करतात. एका बाजूचा बुश फाटलेला असेल तर ते चाक मागे सरकतं, दुसरं सरकत नाही, आणि गाडी आपोआप वळू लागते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. रात्री समोर जनावर आलं, समोरून ट्रक येतोय आणि गाडी स्वतःहून उजवीकडे खेचली गेली, तर सावरायला तेवढाही वेळ मिळत नाही.

फक्त बुश बदलायचा की पूर्ण आर्म?

बुशच खराब असेल, आर्म सरळ असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि त्या गाडीचा बुश सुटा मिळत असेल, तर फक्त बुश बदलणं योग्य आहे.

पण आर्म वाकलेला असेल, गंजून पातळ झाला असेल, त्याला तडा गेला असेल किंवा बुशचं भोक लांबट झालं असेल, तर नवा बुश त्यात टिकत नाही. बॉल जॉइंट सैल असेल आणि तो आर्मलाच कायमचा जोडलेला असेल, तरीही पूर्ण आर्म घेणंच परवडतं. नव्या आर्मसोबत बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच येतात, त्यामुळे प्रेसवर दाबण्याची मजुरी वाचते.

एका बाजूचा बुश वयाने झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढेच किलोमीटर चाललेला असतो. म्हणून दोन्ही बाजूंचे बुश एकत्र बदलणं चांगलं.

आधी आर्म गाडीतून कसा निघतो?

बुश गाडीवरच बदलण्याची हत्यारं असतात, पण बहुतेक ठिकाणी आर्म उतरवूनच काम होतं. त्याचा क्रम साधारण असा असतो.

1. गाडी सपाट, पक्क्या जागेवर लावून हँडब्रेक ओढतात. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावतात.
2. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करतात.
3. गाडी जॅकने उचलून सांगाड्याच्या मजबूत जागी स्टँडवर टेकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, गाडी धरून ठेवण्यासाठी नाही.
4. चाक काढतात. लिंक रॉड आर्मला जोडलेला असेल तर तो सोडवतात.
5. बॉल जॉइंटचा बोल्ट काढून तो चाकाच्या भागातून सोडवतात. इथं हातोड्याने वेडेवाकडे घाव घातले तर बॉल जॉइंटचं रबरी कव्हर फाटतं आणि चांगला जॉइंट वाया जातो.
6. शेवटी आतल्या बाजूचे, बुशमधले बोल्ट काढून आर्म खाली घेतात. जाम झालेल्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबतात.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवायला हवा. काही गाड्यांमध्ये, विशेषतः काही एसयूव्हींमध्ये, स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर टेकलेली असते किंवा आर्मला टॉर्शन बार जोडलेला असतो. अशा गाडीचा आर्म सोडवला की दाबलेली ताकद एका झटक्यात सुटते आणि जीवघेणी इजा होऊ शकते. हे काम व्हिडिओ बघून घरी करण्याचं नाही.

आर्ममधून बुश कसा बाहेर काढतात?

इथं एक गोष्ट समजली की सगळं सोपं होतं. बुशला आर्ममध्ये धरून ठेवते ती बाहेरची नळी, रबर नाही. ती भोकापेक्षा किंचित मोठी असते आणि दाबून बसवलेली असते. त्यामुळे रबराला किंवा आतल्या नळीला ठोकत बसलं तर रबर फाटून मधला भाग बाहेर येतो आणि बाहेरची नळी आतच राहते. जोर नळीच्या कडेवरच पडायला हवा.

*प्रेसवर दाबून.* ही सगळ्यात स्वच्छ पद्धत. मोठ्या गॅरेजमध्ये किंवा लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. साधारण 10 ते 20 टनांच्या प्रेसवर हे काम होतं. आर्मच्या खाली बुशपेक्षा थोड्या मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा ठेवतात, म्हणजे बुशला खाली उतरायला जागा मिळते. वरून बाहेरच्या नळीएवढ्याच, पण भोकापेक्षा किंचित लहान व्यासाचा गोल तुकडा ठेवून दाब देतात. सुरुवातीला दाब वाढत जातो, मग 'कड्' असा आवाज होतो आणि बुश सरकू लागतो.

यात आर्मला नीट आधार देणं सगळ्यात महत्त्वाचं. पत्र्याच्या आर्मच्या दोन बाजूंमध्ये पोकळी असेल तर तिथं लोखंडी तुकडा बसवावा लागतो. नाहीतर बुश निघण्याआधी आर्मच चेपतो.

*बोल्ट आणि पाइपने ओढून.* प्रेस नसेल तर जाड, मजबूत बोल्ट किंवा आटे पाडलेला रॉड बुशमधून आरपार घालतात. एका बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा आणि जाड वायसर, दुसऱ्या बाजूला नळीच्या कडेवर बसणारा सॉकेट. नट आवळत गेलं की बुश पाइपमध्ये ओढला जातो. आट्यांना ग्रीस लावावं लागतं आणि काम हळू होतं, पण आर्मला दणके बसत नाहीत.

*कापून.* गंजून जाम झालेला बुश कधी कधी प्रेसलाही दाद देत नाही. मग ड्रिलने रबरात जवळजवळ भोकं पाडून आतली नळी रबरासकट बाहेर काढतात. राहिलेल्या बाहेरच्या नळीत हॅक्सॉचं पातं घालून तिला आतून एक उभा छेद देतात. छेद पूर्ण झाला की छिन्नीने नळी आतल्या बाजूला दुमडतात आणि तिची पकड सुटते. पातं आर्मच्या धातूत उतरू द्यायचं नाही. तिथं पडलेली खाच पुढे तड्याचं मूळ ठरू शकते.

रबर जाळून बुश काढला तर?

गॅस कटर किंवा टॉर्च लावून रबर जाळणं हा झटपट उपाय म्हणून अजूनही केला जातो. त्याचे तोटे जास्त आहेत. जळत्या रबराचा काळा धूर फुप्फुसांना घातक असतो. द्रव भरलेला किंवा बंद बुश तापून फुटला तर गरम तुकडे अंगावर उडू शकतात. जवळच्या बॉल जॉइंटचं ग्रीस आणि कव्हर जळतं. शिवाय आर्म फार तापला तर त्याच्या धातूची ताकद कमी होऊ शकते. ॲल्युमिनिअमच्या आर्मच्या बाबतीत तर हा धोका मोठा आहे. त्यामुळे आपल्या गाडीवर आगीचा प्रयोग होऊ देऊ नये.

नवा बुश बसवण्याआधी काय बघायचं?

जुना बुश काढण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवावा. अनेक बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावं, यासाठी ती रचना असते. नवा बुश त्याच दिशेने बसला पाहिजे. तो किती आत जातो आणि कोणत्या बाजूने जातो, तेही पाहून मार्करने खूण करतात.

भोक पॉलिश पेपरने साफ करून गंज काढतात. बुश सरकायला सोपा जावा म्हणून साबणाचं पाणी चालतं. साध्या रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. बसवतानाही दाब बाहेरच्या नळीवरच द्यायचा. बुश सरळ रेषेत जायला हवा, तिरका गेला की तिथेच थांबून पुन्हा सुरुवात करावी.

सगळ्यात जास्त होणारी चूक

आर्म परत लावला, बोल्ट घातले, गाडी अजून स्टँडवर आहे, चाक हवेत लटकतंय, आणि त्याच अवस्थेत मेकॅनिक बुशचे बोल्ट पूर्ण आवळतो. काम झाल्यासारखं वाटतं. पण नवा बुश लवकर जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला पक्की होते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल, तीच रबराची 'आरामाची' जागा ठरते. चाक लटकलेलं असताना आर्म खाली झुकलेला असतो. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं. मग गाडी नुसती उभी असली तरी बुश दिवसरात्र पिळलेलाच राहतो. खड्ड्यात तो आणखी पिळला जातो आणि वेळेआधी फाटतो.

म्हणून आधी बोल्ट हाताने आणि पान्याने नुसते टेकवायचे. चाक लावायचं, गाडी जमिनीवर घ्यायची, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मगच बोल्ट शेवटचे आवळायचे. खाली हात पोहोचत नसेल तर गाडी खड्ड्याच्या रॅम्पवर घेतात किंवा आर्मखाली जॅक लावून त्याला नेहमीच्या उंचीवर आणतात. किती आवळायचं याचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तो टॉर्क रेंचने मोजतात. कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले नट-बोल्ट नवेच घालावेत.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट करणं आलंच. नाहीतर बुशवर वाचवलेले पैसे टायरवर जातात.

तपासायची जबाबदारी कोणाची?

प्रवासी आणि मालवाहू वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी. खासगी कारची नोंदणी मात्र 15 वर्षांसाठी असते. म्हणजे एमएच 37 पासिंगची घरची कार पहिली 15 वर्षं कुठल्याही सरकारी तांत्रिक तपासणीशिवाय रस्त्यावर फिरू शकते. तिच्या खाली वाकून बघणारा फक्त मालक किंवा त्याचा मेकॅनिक असतो.

त्यामुळे पावसाळा संपला की एकदा गाडी उचलून चारही चाकांचे बुश बघून घेणं शहाणपणाचं. आणि काम करायला टाकलं तर गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारावेत. बुश प्रेसवर काढणार की जाळून? नव्या बुशची दिशा जुन्यासारखीच ठेवणार ना? शेवटचे बोल्ट गाडी जमिनीवर घेऊन आवळणार ना?

आणि काढलेला जुना बुश मागून घ्या. हातात धरून आतली नळी अंगठ्याने हलवून पाहा. रबर फाटलेलं दिसलं तर पैसे योग्य जागी गेले. रबर धडधाकट असेल तर तो 'खट्' आवाज दुसरीकडूनच येत होता, आणि खरा शोध अजून बाकी आहे.